पोळ्या करणारी बाई

आई, आधी तुला हे यंत्र काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तुझ्या पोळपाटाएवढं आहे, चपटं आणि काळं, टीव्हीच्या खाली बसतं. पुढून एक फट उघडते, तिच्यातून जीभ बाहेर येते, त्या जिभेवर चकती ठेवायची. चकतीवर सिनेमा असतो. पण चकती नसली तरी ते चालतं, कारण त्याला इंटरनेट जोडलेलं आहे, म्हणजे बाहेरून कुठूनतरी चित्र येतं आणि मधे तारही दिसत नाही. कुठून येतं ते मला विचारू नकोस. तुझ्या नातवानं ते आणलं आणि एकाच डब्यात दोन्ही कामं होतात म्हणून तो खूश आहे. तुझी सून तीन वर्षांपूर्वी वर तुझ्याकडे आली, तेव्हापासून दिवसभर घरात मी आणि तो डबा असे दोघंच असतो. मधेच त्याचा निळा दिवा लागतो, कोणी हात लावलेला नसताना. टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी लिहून येतं, खाली दोन चौकोन. एक हो आणि एक नाही, एवढं मला कळतं, पण कशाला हो म्हणायचं ते कळत नाही. एकदा घाबरून मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. संध्याकाळी मुलानं डोक्याला हात लावला. ते यंत्र म्हणे स्वतःला नवीन करून घेत होतं आणि मी त्याला मधेच बंद पाडलं. नात म्हणाली, "आजोबा, वो कुछ नहीं करता, बस ओके दबा दिया करो ना." मी दाबत नाही. न वाचता कशालाही हो म्हणायचं नाही, एवढं तरी आठवीपर्यंतच्या शाळेनं मला दिलं आहे.

दिवाळीच्या पुताईला, भिंतींना चुना देताना, माझ्या सूनबाईनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून ती कॅसेट निघाली. ताईच्या, माझ्या लेकीच्या, लग्नाच्या दोन कॅसेटी होत्या. लग्न लागतानाची आणि वरातीची तिच्या सासरी गेली. दुसरी आपल्याकडची, हळदीची, पाहुण्यांची, स्वयंपाकाची. आपल्याकडे तेव्हा ती लावायला यंत्र नव्हतं, आणि नंतर कोणी विचारलं तर मी सांगत असे की तिला बुरशी लागली. बुरशी लागलेली नव्हती. अठ्ठावीस वर्षं मी ती जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. फेकवत नव्हती, कारण तिच्यात तू आहेस. तुझा दुसरा फोटोसुद्धा घरात धड नाही, रेशनकार्डावरचा सोडून. आणि पाहवत नव्हती, त्याचं कारण तुला माहीत आहे.

ते लिहायच्या आधी मला कंपू मोहल्ल्यातलं, तू कामाला जायचीस ते स्वयंपाकघर आठवतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. तू मागच्या दारानं आत जातेस, मला पायरीवर बसवतेस. आत तुझ्या बांगड्या आणि लाटणं यांचा आवाज चाललेला असतो. त्या घरच्या बाई एका वाटीत शिरा आणून माझ्या हातात देतात आणि तू आतून येऊन ती वाटी परत ओट्यावर ठेवतेस. रस्त्यानं मी रडत होतो तेव्हा तू म्हणालीस की आपण इथे काम करतो, जेवतो आपल्या घरी. त्याच वर्षी मास्तरांनी वर्गात विचारलं, घरी कमावतं कोण. मी उभा राहून सांगितलं, आई नोकरी करते. घरी येऊन मोठ्या ऐटीत तुला ते सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "नोकरी नाही. स्वयंपाक करते म्हणून सांग. चोरी करते का मी?" दुसऱ्या दिवशी तू मला शाळेत पाठवलंस ते मास्तरांना पुन्हा नीट सांगायला, आणि मी सांगितलं. वर्गातली पोरं हसली. तेव्हापासून मला तुझ्या कामाची लाज वाटायला लागली असावी. त्याआधी वाटत होती असं आठवत नाही.

आता लग्नाचा दिवस. ताईचं सासर इंदूरचं, घरात दोन-दोन अधिकारी. मी बिर्लानगरच्या मिलमध्ये सूत मोजणारा माणूस, आणि त्यांना मी सुपरवायझर म्हणून सांगितलेलं. तुझ्याबद्दल काही खोटं सांगितलं नव्हतं, फक्त काही सांगितलंच नव्हतं. हलवाई आपल्या या हिंदी गावचा, पुऱ्या-कचोऱ्या उत्तम करणारा, पण पुरणपोळी त्याच्या बापानं पाहिली नव्हती. वऱ्हाडाला पुरणपोळी मिळालीच पाहिजे म्हणून तू पहाटेपासून धर्मशाळेच्या मागच्या अंगणात चुलीपुढे बसलीस. मी तुला दोनदा सांगायला आलो की आता उठ, नवं लुगडं नेस. तू म्हणालीस, अजून साठ राहिल्या. तेवढ्यात व्हिडिओवाले तो मोठा दिवा घेऊन मागे आले, आणि त्यांच्या बरोबर नवरदेवाचे काका, कोट घातलेले, सगळं हौसेनं बघत. तुझं जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केसांत कणीक, चेहरा धगीनं लाल. दिवा तुझ्यावर पडला. व्हिडिओवाल्यांनी विचारलं, ये माताजी कौन हैं. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "खाना बनानेवाली बाई हैं. आगे चलिए."

आई, त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. तू स्वतःच मला ते शिकवलं होतंस, स्वयंपाक करते म्हणून सांग. मी तेवढं सांगितलं आणि पुढचं गाळलं. पण तुझं तोंड मला दिसलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू व्हिडिओवाल्यांकडे पाहिलंस आणि तुझ्या त्या हिंदीत म्हणालीस, "हां भैया, मैं तो पोळ्या करनेवाली बाई. उधर दुलहन का निकालो." मग नवं लुगडं नेसलीच नाहीस. लग्न लागताना पुढे आली नाहीस. मंडपात सगळे विचारत होते तेव्हा मी सांगितलं की आईचं पोट दुखतंय. ताई बोहल्यावरून मान वळवून वळवून तुला शोधत होती. दुसऱ्या दिवशी तू मला एवढंच विचारलंस की त्या कोटवाल्यांना पोळी आवडली का. मी म्हटलं, तीन खाल्ल्या. ते खरं होतं. तू म्हणालीस, मग झालं. दीड वर्षानं तू गेलीस आणि मधल्या काळात ताईजवळ याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस.

ताईनं मात्र मनाशी ठरवून टाकलं की आजी रुसली होती. तुला गावातलं स्थळ हवं होतं, तिनं दूरचं पसंत केलं, म्हणून तू आशीर्वादालासुद्धा आली नाहीस. हे ती मला कितीतरी वेळा म्हणाली आहे, पहिल्यांदा रडत आणि आता नुसतंच, सवयीनं म्हणावं तसं. प्रत्येक वेळी मी गप्प बसलो. एका वाक्यात तिचं ते शल्य गेलं असतं.

मुलानं बाजारातल्या एका दुकानातून कॅसेटची चकती करून आणली आणि यंत्राजवळ ठेवली. ताई गुरुवारी येणार होती. म्हणाला, तिच्याबरोबरच सगळे बघू, आजीचा आवाज मी किती वर्षांत ऐकला नाही. बुधवारी सगळे कामावर गेल्यावर मी ती चकती उचलली आणि माझ्या अलमारीत जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सरकवली. गठ्ठा दोनदा खाली पडला, दोनदा मी तो पुन्हा रचला. गुरुवारी शोधाशोध झाली. मी सांगितलं की यंत्राची जीभ आपोआप बाहेर आली होती, त्यानंच कुठे गिळली असेल. या वयात, आई, मी एका डब्यावर आळ घेतला. सूनबाई त्याला उलटा करून हलवायला लागली. तेव्हा मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "अगं राहू दे. दुकानवाल्यानं नेटवरपण टाकून दिलीय, त्याच डब्यात दिसते." नातीनं रिमोट घेतला, चार बटणं दाबली, आणि पडद्यावर धर्मशाळेचं फाटक आलं. चकती माझ्या अलमारीत होती. मला वाटत होतं की वस्तू कुलपात ठेवली म्हणजे ती कुलपातच असते.

मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. हळद झाली, पाहुणे झाले, तुझी सून हिरव्या शालूत हसत गेली. मग मागचं अंगण आलं. तू वर पाहिलंस, आणि आधी हसलीस, हे मला आठवत नव्हतं. माझ्याकडे बघूनच हसली असशील. मग डाव्या बाजूनं एक हात आत आला, माझा, पुढे चला म्हणणारा, पंजा पसरलेला. मी डोळे मिटले आणि वाट पाहिली. पण कानावर आलं ते सिनेमातलं पाठवणीचं गाणं. त्या व्हिडिओवाल्यांनी, तेव्हा सगळेच करायचे तसं, सगळ्या कॅसेटीवर गाणी चढवली होती. माझा आवाज नव्हता. तुझाही नव्हता. तुझे ओठ हलत होते, लाटण्यानं तू मांडवाकडे बोट केल्यासारखं करत होतीस, आणि सगळे हसले. नात म्हणाली, आजोबा की आई तो कॅमेरेवाले को भगा रही हैं. हात कोणाचा असं तिनं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, असेल हलवायाचा माणूस. ते मी तसंच राहू दिलं.

ताई हसत नव्हती. तिनं ते परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. "आजी तर ठणठणीत होती," ती म्हणाली. "बाबा, काय म्हणतेय ती?" मी म्हणालो, "म्हणतेय, इथे काय काढता, आधी तिकडे नवरीचं काढा." ताईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, म्हणजे रुसली नव्हती. मी म्हटलं, नव्हती. पुन्हा तेच केलं बघ, अर्धं सांगितलं आणि अर्धं गाळलं. 'मेरी पोती', माझी नात, असं म्हणायचा हक्क तुझा होता. मी तो अर्ध्या मिनिटापूर्वी काढून घेतला होता, म्हणून तू 'दुलहन' म्हणालीस, परक्या बाईनं म्हणावं तसं.

आणि तुझा आवाज नव्हता म्हणून मला बरं वाटलं. घरात सगळे हळहळत होते आणि माझ्या छातीवरचा दगड उतरत होता. तेवढ्यात ताईला सुचलं की गाणी चढवायच्या आधीची मूळ कॅसेट व्हिडिओवाल्यांकडे असेल, नाहीतर त्यांना काही आठवत तरी असेल. सोमवारपर्यंत ती इथे आहे. तिनं विचारलं, ते कुठे राहायचे. हे पत्र तिच्या पिशवीत ठेवलं तर ती गाडीत वाचेल, मराठी तिला चांगलं वाचता येतं. ठेवणार नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच मला माहीत होतं. तिला मी सांगितलं की ते गेले, दुकानही केव्हाच बंद झालं. आई, ते आहेत. बाड्याच्या चौकामागच्या गल्लीत पासपोर्टचे फोटो काढतात. माझ्या पेन्शनच्या कागदावरचा फोटो गेल्या महिन्यात त्यांनीच काढला, आणि पूर्ण वेळ मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.