एका हाताचं नमस्ते

पप्पा, विहाराच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर एक पान लिहून द्यायचं होतं, ते लिहून झालं. आपल्या बुवापाड्यातल्या जुन्या कामगारांच्या आठवणी छापणार आहेत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावर लिहायचं म्हणजे त्या गावावर लिहायचं, हे आईनं मला न विचारताच ठरवून टाकलं. "ते नमस्तेचं टाक हां," ती म्हणाली. "तेच तर मेन आहे."

ते गाव मला अंबरनाथच्या आधी पाठ झालं. दम्यामुळे पहिली दोन वर्षं मी शाळेत गेलेच नाही, घरीच तुमच्यापाशी शिकले. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही यायचात, चहा व्हायचा आणि स्वयंपाकघरातल्या कोब्यावर खडूनं चेकोस्लोव्हाकियातलं ते बाजाराचं गाव काढायचात. माग जोडायला शिकायला कंपनीनं तुम्हाला तीन महिने तिथं पाठवलं होतं. मधे लांबट चौक, चौकाभोवती घरं, घरांखालून कमानी, म्हणजे पावसातही न भिजता चक्कर मारता येते. बुधवारी बाजार. उत्तरेला डोंगर, त्यातून उतरलेली नदी. "आपल्या वालधुनीएवढीच, पण तळ दिसतो." आई भाकरी थापता थापता म्हणते, "अहो, पोरीला आधी ठाणे जिल्हा शिकवा." तुम्ही मान वर न करता म्हणता, "ठाणे जिल्हा कुठं पळून चाललाय?" मिठाच्या गाड्या तिथं मुक्कामाला थांबायच्या, राजानं बाजार भरवायची परवानगी दिली, मग गाव वाढलं, दोनदा आगीत जळलं, दोनदा उभं राहिलं. मोठं युद्ध संपल्यावर तिथल्या जर्मन बोलणाऱ्यांना हातात मावेल तेवढं सामान घेऊन निघायला लावलं. ते कुठं गेले, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "उल्हासनगरला सिंधी लोक बॅरेकीत येऊन राहिले ना, तसं त्यांचंही कुठंतरी उल्हासनगर झालं असेल."

एकदा मी वहीत लिहिलं, वालधुनी बदलापूरहून येते. तुम्ही विचारलंत, कुणी सांगितलं? मी म्हटलं, सगळे म्हणतात. तुम्ही ओरडला नाहीत, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो. "सगळे म्हणतात, हे माप नाही. फिटरनं अंदाजानं बोल्ट आवळला की कुणाचं तरी बोट जातं. बघितल्याशिवाय लिहायचं नाही." आणि रविवारी मला सायकलवर मागे बसवून काकोळ्याच्या टेकड्यांपर्यंत नेलंत, नदी दाखवायला. त्या दिवसापासून मी अशीच झाले. ऑफिसात साधं पत्र टाइप केलं तरी तीनदा तपासते. मुली हसतात.

आणि तुमची ती गोष्ट. पहिल्याच दिवशी तुम्ही गाडीतून उतरलात, खिशात खोलीचा पत्ता लिहिलेला कागद, भाषेचा एक शब्द येत नाही. एका म्हातारीला कागद दाखवलात. तिनं वाचला, हात वर केला आणि म्हणाली, नामेस्ती. पुढं एक पोलीस, तोही तेच. मग कांदे विकणारा एक माणूस. "आपल्यासारखे दोन हात नाही जोडत ते," तुम्ही सांगायचात, "एकच हात वर करतात. पण नमस्ते म्हणतात. मला." मग तुम्ही दोन्ही हात जोडून प्रत्येकाला जय भीम केलात. ऐकणारे हसायचे, तुम्हीही हसायचात. आई मात्र कधी हसली नाही. तुमच्या गावात तुमच्या वडिलांना कुणी आधी रामराम घातलेला तुम्ही जन्मात पाहिला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

पान लिहायचं म्हणून मी उल्हासनगरच्या सायबर कॅफेत गेले. बघितल्याशिवाय लिहायचं नाही ना. देशाचे आता दोन झालेत, पण गाव जागच्या जागी होतं. कॅफेवाले सिंधी अंकल मागून डोकावले, "कौनसा गाँव है बेटा? रिश्ता आया है क्या?" मी हसले, कारण तोवर मी खूप खूश होते. लांबट चौक बरोबर, कमानी बरोबर, मीठ, दोन आगी, बुधवार, सगळं तुम्ही सांगायचात तसंच. मग नकाशा उघडला. मधल्या त्या चौकोनावर एक शब्द होता. मी एकेक अक्षर लावून वाचला. अर्थ शोधला. पुन्हा शोधला. तिसऱ्यांदाही तोच आला. त्यांच्या भाषेत नामेस्ती म्हणजे चौक. तुमची खोली चौकात होती, पप्पा. ते हात वर करून तुम्हाला रस्ता दाखवत होते.

अंकलनी विचारलं, क्या हुआ. मी म्हटलं, कुछ नहीं, धूळ गेली डोळ्यात. किती वेळ त्या चौकोनाकडे बघत बसले कोण जाणे. कागद हातात धरून तुम्ही उभे आहात, समोरची म्हातारी बोट दाखवतेय आणि तुम्ही तिला हात जोडताय, एवढंच दिसत राहिलं. तुम्ही असतात तर सांगितलं असतं का मी? तुम्हीच विचारलं असतंत, नीट बघितलंस ना?

पानात मी नदी लिहिली, बाजार लिहिला, आगी लिहिल्या. ती गोष्ट नाही लिहिली. चूक आहे म्हणून छापायची नाही, आणि चूक होती असं छापायला हात उचलला नाही. हे पत्रही कुठं जाणार नाही. आईच्या हाती लागलं तरी तिला वाचता येत नाही, आणि तेवढ्याच आधारावर मी हे लिहितेय, याची लाज वाटते.

काल ती म्हणाली, वाच की काय लिहिलंस ते. मी वाचायला लागले. ती भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तुम्ही गाडीतून उतरलात तिथं आले, आणि तिनं डोळे मिटले. मग मी म्हातारी वाचली, पोलीस वाचला, कांदेवाला वाचला, तिघांचं नमस्ते वाचलं, तुमचा जय भीम वाचला. "बरोबर," ती म्हणाली, "अस्संच सांगायचे." स्मरणिका छापून आली की शेजारची कुणीतरी तिला ते पान वाचून दाखवेल, तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. पण कागदावर त्या जागी काहीच नव्हतं, पप्पा, आणि वाचताना मी एकदाही अडखळले नाही.