झिजलेला गेज

जबलपूर, ६ डिसें. १९७१
सकाळी कादंबरीचं नवं प्रकरण संपवलं. कुसुमला वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "हा तुमचा नायक बायकोशी बोलून राहिला का कारखान्याची नोटीस वाचून राहिला?" हसलो नाही. मागची प्रकरणं काढली. आई, सावकार, पोरगी, सगळे माझ्यासारखेच बोलतात. कारखान्याचा भोंगा झाला, तसाच निघालो.

७ डिसें.
लिहायला घेतल्यापासून दुसऱ्याचं पुस्तक हाती धरलं नाही. नियम माझाच. परकी भाषा अंगाला लागू नये. शाळा सातवीत सुटली. जे आलं ते माझं मी मिळवलं, त्याचा ताठा. आज वाटतं की... नको.
कुसुमला विचारलं, "आधी काहून नाही सांगितलं?"
"तुम्ही विचारलं कधी?"

९ डिसें.
लढाईची घाई, ओव्हरटाइम. गेज-खोलीत जोडीदार दुबेजी म्हणाले, "भाऊ साहब, मिलान अगले हफ्ते कर लेंगे।" नाही म्हटलं. माल मापायचा रोजचा गेज वापरून झिजतो. मास्टर गेजशी लावून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. हाताला बरोबरच वाटतो आणि खोटा माल पास करत जातो. मिलान केलं. माझाच गेज बाद. मागच्या मिलानानंतरच्या तोफगोळ्यांच्या सगळ्या पेट्या परत उघडल्या. सीमेवर गेल्या असत्या तर—
घरी आलो, तरी मिलानच डोक्यात. नुसत्या पेट्यांचं नव्हे.

१२ डिसें., रवि.
इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातलं मराठी वाचनालय. ब्लॅकआउटपायी काचांवर काळे कागद, आत अंधारच. ग्रंथपाल जोशीबाई: "या या! कादंबरी लिहिताय म्हणे? आम्हाला एक प्रत हं!" मान हलवून कपाटाकडे वळलो.
एक पुस्तक उभ्यानंच उघडलं. एक म्हातारा एकच वाक्य बोलतो, आणि जसा माझ्यासमोरच येऊन बसतो. पुस्तक परत ठेवत होतो. "नेत नाही?" म्हणाल्या. आणलं.

१३ डिसें.
वाचून राहिलो. भीती दोन. याची नक्कल हातून उतरेल ही, आणि आपलं सगळंच बाद निघेल ही. दुसरी मोठी.
कुसुम: "चेहरा असा काहून? सायरन झाला का?"

१४ डिसें.
पहिल्या प्रकरणातलं आईचं बोलणं पुरं खोडलं, नवं लिहिलं. लायब्ररीचं पुस्तक शेजारी उघडंच. कुसुमला हाक मारली. हात पुसत आली, बसली.
"वाचा ना आता."
थांब म्हटलं, आधी एवढं रोजनिशीत लिहून घेतो. ती वहीच ओढून राहिली—