वीणा मांडीवर आली त्याची हकीकत

ती. वन्संना,

भावजयीचा नमस्कार. तुमच्या पित्ताचं आणि भावोजींच्या खोकल्याचं कसं आहे ते आधी कळवा. आमच्याकडे सगळे बरे आहेत, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचताना तुम्हाला शंका येईल, पण मी काही लपवणार नाही. फक्त क्रमाने सांगेन. एकदम सांगितलं तर तुम्ही घाबरून फोन कराल, फोन मामंजी उचलतील, आणि तुमचे वडील फोनवर किती बोलतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मामंजी पडले हे तुमच्या बंधूंनी कळवलंच आहे. (त्यांनी 'जिन्यात पाय घसरला, आता ठीक' एवढंच सांगितलं असणार. लिफ्ट दुरुस्त करायला जातात तेव्हा कंपनीलाही ते एवढंच कळवतात.) घडलं ते असं. जिना नुकताच पुसलेला होता आणि मामंजींच्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या. पडताना माणूस हात टेकतो. मामंजींनी टेकला नाही, कारण हातात दूध होतं. दूध जसंच्या तसं राहिलं, डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. म्हणून व्यायामाच्या एक बाई ठरवल्या. त्या मामंजींना भिंतीवर बोटांनी चढायला लावायच्या आणि जिथवर बोटं पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायच्या. खुणा एकावर एक पडून तिथे एक जाडसर काळी रेघ झाली, पण ती काही वर सरकली नाही.

एक दिवस मामंजींनी त्यांना गंभीरपणे विचारलं, "वीणा पुन्हा खांद्यावर घेता येईल का?" बाईंना वाटलं, वीणा म्हणजे नात. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आता खांद्यावर नको, आजोबा. मांडीवर घ्या तिला. मुलांना काय, मांडीही चालते."

मी तिथेच होते. हसू कसं आवरलं ते माझं मला माहीत. पण मामंजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आपोआपच गेलं.

आता तुमच्या घरातली ही जुनी गोष्ट मी तुम्हालाच सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. पण मला ती लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी कळली, तेव्हा नीट जुळवली आहे का ते तुम्हीच पडताळून पाहा. मामंजींची वीणा दोन भोपळ्यांची. वरचा भोपळा डाव्या खांद्यावर, खालचा उजव्या बाजूला, आणि मधे छातीवरून आडवी गेलेली दांडी. वाजवायचं ते अगदी संथ. एकेक स्वर तार ओढून पुढच्या स्वरापर्यंत असा न्यायचा की वाटेतली सगळी घरं दिसली पाहिजेत. तुम्ही लहानपणापासून तेच शिकलात. मग तुम्ही दुसऱ्या गुरूंकडे गेलात आणि मांडीवरची वीणा उचललीत, लाकडी घटाची, जमिनीवर टेकणारी, जिच्यात स्वर हलतात, डुलतात आणि मधूनच लगबगीने पळतातही. मामंजी म्हणाले होते, "वीणा खांद्यावर वाहायची असते, मांडीवर खेळवायची नसते." त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला कोणी सांगितलं नाही. त्यानंतर तुमचं वाजवणं या घरात लागलं की मामंजी गीझर बंद आहे का ते बघायला उठतात. (आमच्याकडचा गीझर जितका तपासला जातो तितकं कुठलंही यंत्र तपासलं जात नसेल.) भांडण नाही, अबोला नाही, तुमची ख्यालीखुशाली विचारतात, तुमच्यासाठी औषधाची नावं लक्षात ठेवतात. फक्त वीणेचं नाव नाही.

तर अशा माणसाला बाईंनी सांगितलं, मांडीवर घ्या. त्या दिवसापासून मामंजींनी वीणेवर चादर घातली. वन्सं, आमच्या घरात सकाळी कुकरच्या आधी वीणा ऐकू येते. ती बंद झाल्यावर मला कळलं की मी भाजी तिच्या लयीत चिरत होते. मामंजी जेवायचे, औषध घ्यायचे, खुर्चीत बसायचे आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर टेकवून स्वस्थ राहायचे. काही हवं का विचारलं तर 'काही नको' म्हणायचे, आणि ते खरंच असायचं, याचीच मला भीती वाटायला लागली.

तुमच्या बंधूंनाही ते बघवलं नाही. पण त्यांना दुःख झालं की ते अवजारांची पेटी उघडतात. त्यांनी छताच्या हुकाला कप्पी लावली, तिच्यातून पट्टा घेतला, एका टोकाला वीणेचा वरचा भोपळा आणि दुसऱ्याला वाळूची पिशवी. लिफ्ट अशीच चालते म्हणे. भार सगळा वाळूवर, खांद्याला नुसता स्पर्श. मामंजी नको नको म्हणत बसले, पण बसले. नखी बोटात चढवली, डोळे मिटले आणि खालचा सा लावला. इतक्या दिवसांनी तो स्वर ऐकून मी ओल्या हातांनी तशीच दारात येऊन उभी राहिले. मग त्यांनी तार ओढली आणि स्वर वर न्यायला लागले. स्वराबरोबर वीणाही वर जायला लागली. वाळू थोडी जास्त झाली होती. (त्यांचं म्हणणं, वाळू बरोबर होती, वीणाच त्यांच्या अंदाजापेक्षा हलकी निघाली.) मामंजींनी डोळे उघडले नाहीत की तार सोडली नाही. हात वीणेबरोबर वर गेला, छातीच्या वर, बाईंच्या रेघेच्याही वर, आणि मग दुखून सुटला. भोपळा पंख्याच्या दांड्यावर आपटला. पंखा बंद होता, एवढी खबरदारी तुमच्या बंधूंनी घेतली होती.

वीणा खाली काढली तेव्हा वरच्या भोपळ्याला केसासारखी चीर गेलेली होती. मामंजींनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता दोघांचेही खांदे गेले."

मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, चिरा बुजवण्याचं माझ्याकडे काही ना काही असतंच. मी तसं सुचवलं. त्यांनी वीणेला कवळी नको म्हणून सांगितलं आणि चादर पुन्हा ओढली. तुमचे बंधू त्या दिवशी सुट्टी असून कामावर गेले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. परवा लॅबमधली वीज गेली, म्हणून मी दुपारीच घरी आले. दाराशी आले तर आतून वीणा. मला वाटलं, तुम्ही पाठवलेलं तुमचं वादन आहे, मी ते मामंजींच्या फोनमध्ये ठेवलं होतं. (त्यांना न विचारता. गीझरचं मला माहीत असूनही.) ते वादन होतंच, पण त्याच्या मागून आणखी एक वीणा चालली होती. तुमची एक जागा घेऊन पुढे जायची, दुसरी तिच्या मागे जाऊन अडखळायची. मग दोन्ही थांबायच्या. मग पुन्हा तीच जागा.

व्हरांड्याकडची खिडकी जराशी उघडी होती. मामंजी जमिनीवर बसले होते. डाव्या मांडीवर चादरीची घडी, घडीवर तो चिरलेला भोपळा, दुसरा उजवीकडे जमिनीवर, आणि समोर डब्याला टेकून उभा केलेला फोन. अशी धरली की दांडीवर हात पडण्याचा कोनच बदलतो, त्यामुळे आयुष्यभराची सवय झालेली बोटं भलत्याच पडद्यावर जात होती. ते फोनला हळूच म्हणाले, "थांब. परत." फोन कसला थांबतो. मग त्यांनी बोट लावून तो थांबवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. लहानपणी तुम्हाला शिकवताना ते असंच म्हणायचे का?

शेवटी त्यांनी फोन बंद केला आणि मांडीवरच्या वीणेवर त्यांचा तो संथ आलाप सुरू केला. थोडा कच्चा होता. एके ठिकाणी मात्र त्यांनी स्वर असा हलवला जसा तुम्ही हलवता, आणि तो तसाच राहू दिला.

माझ्याने आत जाववेना. मी पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी किल्ली हरवली का विचारलं, मी हो म्हणून मान डोलावली. काकूंनी मला चहा दिला, बसायला पाट दिला आणि किल्लीवाल्याला फोनही केला. तो हत्यारं घेऊन आल्यावर मला पर्समध्ये किल्ली 'सापडावी' लागली. एवढ्या गडबडीत आतला आवाज थांबला. आत गेले तर चादर वीणेवर, आणि मामंजी खुर्चीत. त्यांनी लवकर कशी आलीस म्हणून विचारलं, मी वीज गेली म्हणाले. तेवढंच.

भोपळा बदलून देणारा कोणी तुमच्या माहितीत असेल तर पत्ता कळवा. मी हे लिहिलं हे मामंजींना अजिबात कळू देऊ नका.

तुमची,
भावजय

ता. क. भोपळ्याचं खरं तर निमित्त आहे. चीर बाहेरूनच आहे, आवाज शाबूत आहे. तुम्ही या. बोलवलं म्हणून नव्हे, सहज म्हणून. वीणा घेऊन या.

ता. क. पुढचं मी लिहितो आहे. पत्र पाकिटात घालायच्या आधी सूनबाईने टेबलावर ठेवलं होतं. ती बाहेर उभी होती हे मला माहीत होतं, किल्ल्यांचा आवाज ऐकू येतो, कान ठीक आहेत. तुझ्या आलापात उतरताना घाई होते. बाकीचं बरं आहे. हलवलेला स्वर मला जमला असं तिने लिहिलं आहे, तिला त्यातलं कळत नाही, तो जमलेला नाही. मांडीवर घेऊन बसलं की थोड्या वेळाने डाव्या पायाला मुंग्या येतात. त्यावर तुम्ही लोक काय करता ते कळव. लिहून सांगण्यासारखं नसेल तर ये.