मारेगावचा माल

वणी,
१२ नोव्हेंबर २००६

ती. विमलआत्यास,
अमरचा शि. सा. न. वि. वि.

मी इथं खुशाल हाय. तुह्या गुडघ्याले आता आराम असन. पाकीट पाह्यल्याबरोबर तू म्हणशीन, की वणीवरून मारेगाव एसटीनं तासाभराच्या आत येते, अन् हा पोट्टा तिकिटं चिकटवत बसला. खरं हाय. पण जेलातून सुटल्यापासून मारेगावच्या स्टँडवर उतराची माही हिंमत झाली नाई, हे तुले ठाऊक हाय.

आनंदाची गोष्ट आधी सांगतो. देवीलालशेठनं मले गाडी देल्ली. आता मी क्लीनर नाई, ड्रायव्हर. मोठ्या गाडीचं लायसन हाती आलं अन् चार दिवसांपासून कोळसा भरून चंद्रपूरले नेऊन राह्यलो. पहिल्या दिवशी स्टेअरिंगले हात जोडले तं माय-बाबाची आठवण झाली. पण चेहरा डोळ्यापुढं आला तो तुहा. लहानपणापासून तुनंच सांभाळलं ना.

शेठचे उपकार कसे सांगू? जेलातून आलेल्या माणसाले कोणी दारात उभं करत नव्हतं. त्याइच्याकडं गेलतो तवा म्या आधीच सांगून टाकलं, की कापसाच्या बैलबंड्याइच्या रांगेत दारू पिऊन हमालाले मारलं, त्याचा खांदा मोडला, म्हणून आत होतो. शेठनं एवढंच इचारलं, की आत काम काय केलं. सैपाक, म्हणून सांगितलं. तं म्हणाले, की आमच्या ड्रायव्हराइले धड वांग्याची भाजी जमत नाई, तू चढ गाडीवर. दारूचा वास आला का मात्र त्याच जागी उतराचं. आत्या, उतराची पाळी अजून आली नाई.

आता अडचण ऐक. शेठले मारेगावच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी नागपूरले न्यायचं काम भेटलं. जिनिंग तेच, ज्याच्या फाटकापुढं म्या त्या हमालाले, नेमसिंगभाऊले मारलं. तो अजूनही तिथंच हाय म्हणते. शेठ म्हणाले, तुले जमत नसन तं दुसऱ्याले धाडतो. मले काही सुचून नाई राह्यलं. तू सांगशीन तसं करीन.

तुही माया आजवर पुरली, तशीच पुढंही पुरू दे.

तुहा,
अमर

•

मारेगाव,
१८ नोव्हेंबर २००६

चि. अमर यास,
विमलआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर शेजारच्या बेबीताईले गूळ-खोबरं देऊन आली. तिनं लगेच इचारलं, की ड्रायव्हरले पोरगी पाहू का. म्या म्हटलं, आधी त्याले मारेगावचा रस्ता तं सापडू दे.

इकडं कापूस फुटला, पण भाव पाहून कोणाच्या तोंडावर हासू नाई. बंड्या मागच्यासारख्याच रांगेत उभ्या राह्यते. आपलं वावर थोडं, म्हणून निभते.

तू इचारतं, जाऊ का. जाय.

एक गोष्ट म्या तुले आजवर सांगितली नाई. तुले नेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तांड्यावर नेमसिंगच्या घरी गेलती. त्याच्या बायकोनं, हंसाबाईनं, मले दारातूनच वापस पाठवलं. फेर गेली, फेर तसंच. राग धरला नाई, तिच्या जागी मी असती तं मीही तेच केलं असतं. मंग त्या सालच्या येचणीले ती आपणहून वावरात आली. नवरा घरी पडून होता अन् घर तिलेच चालवणं होतं. तवापासून दरसाल येते. आम्ही दोघी एका ओळीनं कापूस येचतो, एका झाडाखाली भाकर खातो. तिनं तुहं नाव कधी काढलं नाई, म्याही काढलं नाई.

तुह्या वतीनं माफी म्या मांगितली नाई, बाबू. ते काम तुहं हाय, म्हणून तुह्यासाठी ठेवलं.

आणखी एक सांगून ठेवते, म्हणजे तिथं दचकू नको. नेमसिंगचा डावा हात खांद्याच्या वर जात नाई. ओझं उचलणं गेलं, म्हणून गाड्याइची भरती अन् बांधणी पाह्याचं काम त्याच्याकडं हाय. तुही गाडी त्याच्याच नजरेखालून जाईन.

जेवण येळेवर कर. म्हाताऱ्या आत्याले इसरू नको.

तुही,
विमलआत्या

•

वणी,
३ डिसेंबर २००६

ती. आत्यास,
शि. सा. न.

गेलतो. पोचलो. सारं सांगतो.

फाटकातून गाडी आत घेतली. नेमसिंगभाऊ वजनकाट्याजवळ उभा होता. केस पिकले त्याचे. म्या खाली उतरून त्याच्यापुढं गेलो, पाया पडलो अन् म्हटलं, की तुह्या हाताचं वाटोळं म्या केलं, मले माफ कर असं म्हणाचंही तोंड नाई. त्यानं माह्यामांगच्या गाडीकडं पाह्यलं. मंग म्हणाला, की गाडी सावलीत लाव, भरतीले येळ हाय. बस, एवढंच.

भरती झाली. ताडपत्री टाकून म्या दोर कसला अन् पावती घ्याले निघालो, तं त्यानं मांगून हाक मारली. दोर हातानं हालवून पाह्यला अन् सारा सोडाले लावला. म्हणाला, की कोळशाची गाडी येगळी अन् रुईची येगळी. वळणावर एक गाठ सरकली का बाकीच्या तिच्यामांगं जाते, अन् रस्त्यावर मांगून कोणाचं लेकरू येत असन ते सांगता येत नाई. मंग तो उजव्या हातानं फास घालून दाखवे अन् मी कसत जाय. जिथं दोन हात लागत, तिथं दुसरा हात माहा. आत्या, तेवढा येळ माह्यानं त्याच्या तोंडाकडं पाहवलं नाई.

निघताना त्यानं एवढंच सांगितलं, की नागपूरले पोचला का जिनिंगच्या फोनवर कळव. गाडी नीट पोचली, एक दोर ढिला झाला नाई. म्या फोन केला. मुनीमजीनं उचलला, म्हणाले, ठीक हाय, अन् ठेवून देला.

तुनं हंसाबाईसोबत इतक्या साली भाकर खाल्ली अन् मले कळू देलं नाई. तुह्या त्या गोष्टीचं काय करू, आत्या? थँक्यू म्हणणं लईच लहान वाटते. पुढच्या खेपेले गाडी भरते तवर घरी येतो. भाकर टाकून ठेव.

आशीर्वाद असू दे.

अमर

•

मारेगाव,
९ डिसेंबर २००६

चि. अमर यास,
अनेक आशीर्वाद.

भाकरीसोबत काय पाह्यजे ते कळव, नाईतर तुह्यासारखा नवा सैपाकी माह्या भाजीले नावं ठेवीन.

काल येचताना हंसाबाई आपणहून बोलली. म्हणे, गाडी नागपूरले गेली त्या दिवशी सुट्टी झाली तरी तिचा नवरा घरी आला नाई. जिनिंगच्या हापिसात फोनजवळ बाकड्यावर बसून राह्यला. मुनीमजीनं दोनदा सांगितलं, की फोन आला का सकाळी सांगतो, तू जाय. पण हालला नाई. तुहा फोन आला, गाडी सुखरूप पोचली हे त्यानं मुनीमजीच्या तोंडून ऐकलं, तवा उठला. मुनीमजीनं इचारलं, की एवढी काळजी कायची. तं म्हणाला, बांधणी माह्या हातची हाय.

एवढं सांगून ती पुढच्या झाडाले लागली. मंग कापसाची ओंजळ ओटीत टाकता टाकता तिनं मले इचारलं, की अमर घरी कधी येते.

आत्ता पहिल्यांदा तुहं नाव घेतलं तिनं.

ये लवकर, बाबू. वाट पाहून राह्यली.

तुही,
विमलआत्या