जॉलीचे पिवळे कान

लष्कर मोहल्ला, म्हैसूर

ती. मालोजीराव यांस खंडोजीचा साष्टांग नमस्कार.

निमुळत्या तोंडाचं भांडं, छापील कापडाची कानटोपी, सागवानी फणी आणि जुन्या मिक्सरच्या मोटारीचा पंखा, एवढं मी तुमच्या जॉलीसाठी स्वतःच्या हातांनी केलं, कुणालाही न विचारता. तुमची प्रकृती कशी आहे? तुमची बहीण गौरा बरी आहे. जॉलीही बरा आहे (कानांचं पुढे सांगतो).

स्पॅनियल म्हणजे झुडपातून पाखरं उठवणारी कुत्र्यांची जात, हे बदलीच्या गडबडीत त्याला इथे सोडताना तुम्ही बोलला नाहीत. आमच्या गल्लीत झुडपं नाहीत, म्हणून तो शिंप्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं उठवतो. नाक जमिनीला, मागे दोरी, दोरीमागे मी. आत्ताही टेबलाखालून लुंगी ओढतोय (वरची ओळ त्यामुळे वाकडी). लांब कान ताकभातात बुडतात, म्हणून ते भांडं. कानांत वारा शिरत नाही, ओल राहून वास येतो, म्हणून पंखा. केसांच्या गाठी कानामागे आणि पंजांत आधी होतात, तिथे रोज फणी.

आता कान. तुमचं-आमचं घराणं रंगाऱ्यांचं. वास जावा म्हणून मी कान रिठ्याने धुतले आणि फटकडीच्या पाण्यात बुडवले (आजोबा रेशीम असंच करायचे). दुधासारखे निघाले. तेवढ्यात गौराने औषध म्हणून हळद चोपडली. फटकडीवर हळद! रंग पक्का बसवायला सात पिढ्या आपण दुसरं काय केलं? तीनदा धुतले, उलट उजळले. गौरा म्हणते, "अय्यो, असू द्या की! नवरदेव दिसतो." जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कान आतून पाहिले, ठीक म्हणाल्या, आणि वर मला, "फटकडी दाढीला ठेवा, राव. ओल्या कापसाने पुसायचं, कोरडं करायचं, मुगीतु" (म्हणजे संपलं). हे मला माहीत होतं (नंतर).

तर रविवारी तुम्ही त्याला न्यायला येताय. जरूर या. गौराला दुपारची झोप मिळेल. शिंपी माझ्याशी बोलू लागेल.

आपला,
खंडोजी

ता. क. रविवारी नको. रंग उतरेपर्यंत थांबावं. आपल्या घराण्याचा रंग उतरत नाही, हे तुम्ही जाणताच.

आणखी ता. क. काल सरस्वतीपुरमचे सदाशिवराव, निवृत्त प्राध्यापक, पिवळे कान पाहून दुर्मिळ जात समजले आणि रस्त्यातच विकत मागू लागले. मी ठाम नाही म्हणालो. घराच्या पायरीवर आठवलं, विकायला तो माझा नाहीच. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. ते आठ हजार देत होते.