साळिंदराने परत पाठवलेल्या चार ओळी

तीर्थरूप काका यांस,

पुतणीचा (रागावलेली असले तरी) शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि काकूही चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत, फक्त बाबांच्या डोळ्यांचा दाब पुन्हा वाढलाय. तो का वाढला आणि तुम्ही मधे पडून काय केलंत, हे सांगायला हे पत्र.

बाबांना आता अंधूकच दिसतं, म्हणून मी त्यांच्या फोनवर औषधाची वेळ बोलून सांगणारं ॲप घातलं. सकाळी आठला डोळ्यात घालायचे दोन थेंब असतात, दोन वेगळ्या बाटल्यांतले. ॲप एका बाटलीचं नाव घ्यायचं आणि दुसरीचं गिळून टाकायचं. चार दिवस बाबांनी एकच औषध घातलं (सांगितल्याशिवाय ते काही करत नाहीत आणि सांगितलेलं टाळत नाहीत, हे तुमच्या भावाबद्दल मी तुम्हाला काय सांगू). हे ॲप कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातले लोक फावल्या वेळात ते फुकट लिहितात, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि कुणीही दुरुस्ती पाठवू शकतो. मी जेवणाच्या सुट्टीत चूक शोधली आणि चार ओळींत दुरुस्त केली. ती प्रत बाबांच्या फोनवर टाकायला गेले, तर हयात वजनमापांच्या इन्स्पेक्टरीत घालवलेला माणूस म्हणाला, तपासणीचा शिक्का नसलेलं माप मी वापरत नाही. तेव्हापासून रोज आठच्या सुमाराला मी बसच्या दांड्याला लोंबकळत फोनवर ‘बाबा, दुसरी बाटली, उंच झाकणाची’ असं ओरडते आहे. सहप्रवाशांना आमचं औषधपाणी पाठ झालंय.

आता शिक्का मारणाऱ्याबद्दल. त्याच्या नावाच्या जागी साळिंदराचं चित्र आहे, म्हणून आम्ही त्याला साळिंदरच म्हणतो. ॲपमध्ये काय घ्यायचं आणि काय नाही ते हा ठरवतो. पहिल्यांदा त्याने माझ्या चार ओळी परत पाठवल्या, कारण वरचं शीर्षक लांब होतं. मग म्हणे दोन दोन ओळींचे दोन भाग करा. केले. मग म्हणे दोन कशाला, एकच करा. एकच केला, तर स्वारी आठवडाभर डोंगर चढायला गेली. काका, मी लिफ्टच्या कंपनीत आहे. मी लिहिलेल्या प्रोग्रामवर सोळा सोळा मजले माणसं वरखाली करतात आणि आजवर कोणी अडकलेलं नाही (एक जण अडकला होता, पण तेव्हा वीज गेली होती). आणि हा डोंगरावरचा शहाणा मला समासातल्या जागा मोजायला शिकवतो. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, या चुकीने प्रत्यक्षात कुणाचं काय अडतं? मी चार पानी उत्तर दिलं, आकृत्यांसकट. त्यावर त्याने लिहिलं, समजलं नाही.

आणि मग तुम्ही. मी फोनवर फक्त म्हटलं होतं की माझं काम अडकलंय, आणि तुम्ही विचारलंत म्हणून ते कुठल्या पानावर अडकलंय तेही सांगितलं होतं. अडकलेलं काम म्हटलं की तुम्हाला वशिला आठवतो, आणि वशिला लावायला ओळख नसेल तर तुम्ही माणसं गोळा करता. काकू, दोन्ही आत्या, त्यांच्या सुना आणि तुमचा न्हावी धरून चौदा जणांनी एका दुपारी खाती उघडून माझ्या चार ओळींखाली पसंतीचे अंगठे लावले. धाकट्या आत्याने ‘अशीच प्रगती कर’ असंही लिहिलं. तुम्ही तर दोन पानं लिहिलीत. मुलगी लहानपणापासून हुशार, घराणं सुशिक्षित, स्वभाव थोडा तापट पण मनाने निर्मळ. अहो, तिथे कुणी मला सून करून घेणार नव्हतं. याच्यापुढे मी वाचलंच नाही. साळिंदराला वाटलं, मी चौदा खोटी माणसं उभी केली, आणि त्याने माझ्या दुरुस्तीचं ते पानच बंद करून टाकलं. काका, मला तुमची लाज वाटली. लिहिताना वाईट वाटतंय, पण वाटली. यापुढे माझ्या कुठल्याही कामात मदत करू नये, ही विनंती.

काकूला नमस्कार.

तुमची पुतणी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पाहिलं, तर बंद केलेलं पान पुन्हा उघडलंय आणि दुरुस्ती मंजूर झाली आहे. साळिंदराने कारण दिलंय, तुमचं दुसरं पान. ‘माझा मोठा भाऊ आठ वाजता दोन बाटल्या पुढे घेऊन बसतो. फोन एकीचं नाव घेतो. मग तो दुसरीवर हात ठेवून मुलीच्या फोनची वाट बघतो. तिला बस मिळाली नाही की कधी नऊ वाजतात.’ साळिंदर म्हणतो, चूक काय आहे ते आता कळलं. माझ्या चार पानांत बाबा कुठेच नव्हते. मागच्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा हे बघितलंत. बाबा बाटल्या पुढे घेऊन बसले तेव्हा बस गाठायच्या घाईत मी त्याच खोलीत चपला शोधत होते.

ता. क. दुसरा. पाकीट पेटीत टाकायचं राहूनच गेलं. मधल्या दिवसांत बाबांनी शिक्क्याचं ॲप लगेच घेतलं. ते आता दोन्ही नावं एका दमात घेतं, म्हणून बाबाही दोन्ही थेंब एका दमात घालतात. डॉक्टर म्हणतात, मधे दहा मिनिटं हवीत, नाहीतर दुसऱ्याने पहिलं वाहून जातं. दहा मिनिटांची नवी दुरुस्ती मी काल पाठवली. आज सकाळी परत आली. तेव्हा वरचं सगळं रद्द समजून आजच लिहायला बसा. घराण्याचं राहू द्या, माझ्या स्वभावाचंही राहू द्या, फक्त बाबांबद्दल जरा लांबलचक लिहा. धाकट्या आत्याला मात्र सांगू नका.