खाली येऊन सांगा

मृत्युपत्र लिहून ठेवणार शेख युसुफ वलद शेख कालू, धंदा कुलुपं-किल्ल्या, राहणार कसबे आंबवेल, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश. वय साठीच्या पुढे. नक्की आकडा आईला ठाऊक होता, ती सांगायची राहून गेली. लिहून ठेवतो ते असं की माझी अक्कल ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे, कोणी काही पाजलेलं नाही आणि कोणाचा धाक नाही. दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेले. पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत, असं दस्त लिहिणारे रतिलालभाई यांनी खात्रीने सांगितलं आहे.

मी बोलतो अहिराणी आणि रतिलालभाई लिहितात कचेरीचं मराठी. मजकुरात कुठे शहाणपण आढळलं तर ते त्यांचं, शिवी आढळली तर ती माझी. आत्ताच हात थांबवून म्हणाले, "युसुफभाई, मृत्युपत्रमा शिव्या लिखतस नही." मी म्हटलं, "मंग मी मरस कसाले?" तरी त्यांनी दोन शिव्या गाळल्या आहेत. वाचणाऱ्याने त्या योग्य ठिकाणी घालून घ्याव्यात.

कलम पहिलं, घर. घर मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. शरीयतप्रमाणे मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्शापलीकडे देता येत नाही, बाकीचं वारसाचं. माझा वारस म्हणजे पुतण्या वहाब. तो नंदुरबारला असतो, सणाला भेटायला येतो आणि शिरखुर्मा खाता खाता नजरेने भिंती मोजतो. म्हणून घर मी जिवंतपणीच माझी भाची फरजाना हिला बक्षीस देऊन मोकळा झालो. फरजाना माझ्या मयत बहिणीची मुलगी, जन्मापासून बहिरी आणि मुकी, आज तिशीची बाई. साऱ्या गल्लीदेखत मी माझ्या चाकाच्या गाड्यावर बसून घराबाहेर आलो, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिने कुलूप उघडून मला आत बोलावलं. त्या दिवसापासून मी तिच्या घरी पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखीच जेवणाला नावं ठेवतो.

कलम दुसरं, जिन्नस. ऐरण, भाता, कानशी, चिमटे हा सारा माझा तिसरा हिस्सा समजून फरजानाला. तिचा हात माझ्याहून बरा चालतो, हे मी तिला कधी कळू दिलेलं नाही. आता कळलं तरी चालेल, मी ऐकायला नसेन. माझा गाडासुद्धा त्याच हिश्शात बसवावा. फरजानाने तो दवाखान्यात ठेवावा, म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याला डॉक्टरपर्यंत पाठुंगळी जावं लागणार नाही. चाकांना एरंडेल घालत जावं, नाहीतर तो रडतो.

वहाबला माझी खाट, पितळी तांब्या, कोंबडा आणि ज्यांच्या किल्ल्या हरवल्या आहेत अशी सगळी कुलुपं. एक पोतंभर आहेत. त्याने ती उघडत बसावं, म्हणजे इतर उद्योग सुचणार नाहीत.

आता मुद्द्याचं. वहाबने गल्लीत बोलायला सुरुवात केली आहे की मुकी म्हणजे वेडी, आणि वेडीला बक्षीस कसलं चालतं. मी गेल्यावर तो चौकीवर जाईल आणि तोंड चालवील. फरजानाला तोंड चालवता येत नाही. मला मरणाची भीती नाही. भीती एवढीच आहे की त्या दिवशी तिचं म्हणणं कोणी विचारणारच नाही. ही भीती मला उगाच नाही, म्हणून कलम तिसरं जरा लांबेल. रतिलालभाईंनी चहा मागवावा.

कलम तिसरं, चौकी. आमची चौकी उंच जोत्यावर आहे आणि पायऱ्या अशा की धडधाकट माणूसही वर पोचून आधी धापा टाकतो, मग फिर्याद देतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला कुठलीच चढता येत नाही, म्हणजे मी जन्माचा शहाणा. तरी मी त्या चौकीत पुष्कळदा गेलो आहे. त्यांच्या बेड्या अडकल्या की दोन शिपाई यायचे, मला खांद्यावर घ्यायचे आणि नवरदेवासारखं वर न्यायचे. काम झालं की खाली ठेवायचे, तेही हळू.

गावात चोऱ्या होत होत्या तेव्हाची गोष्ट. फरजाना शेजारच्या फुलीबाईकडून डोक्यावर पाटी घेऊन दिवेलागणीला घरी येत होती. मागून शिपाई ओरडला, "हुकुमदार!" ही आरोळी पलटणीतून उतरलेली आहे, तिचा अर्थ शिपायालाही माहीत नसतो, पण ऐकणाऱ्याने जागीच थांबायचं असतं. फरजाना कशी थांबणार? तिच्या पाठीमागे तोफ सुटली तरी ती पाटी सांभाळत पुढे जाईल. शिपायाने धावत येऊन काठी घातली, तिच्या उजव्या मनगटावर. मग तिला कोठडीत टाकलं.

मी गाडा ढकलत चौकीखाली गेलो. वर गिरधर जमादार उभा होता. मी खालून ओरडून सांगितलं की तिला ऐकू येत नाही. जमादार म्हणाला, "जे सांगनं शे ते वर यीसन सांग. फिर्याद खाले लिखतस नही." याच माणसाने त्याच आठवड्यात मला शिपायांच्या खांद्यावरून वर आणवलं होतं. मी म्हटलं, "मंग शिपाई धाड, माले उचल." तो म्हणाला, "ते सरकारी कामले."

मी रात्रभर पायरीखाली बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी फुलीबाई जळणाचा भारा टाकून वर गेली. तिला फरजानाचे हात वाचता येतात. लहानपणापासून दोघींचं तसंच बोलणं. तिने सगळं समजावलं तेव्हा जमादाराने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "मुकी शे ते तिनी सांगाले नको व्हतं का?"

हे वाक्य मी माझ्या हिश्शातून कोणालाही देत नाही. ते मी कबरीत बरोबर नेणार आहे.

फरजानाचं मनगट वाकडं जुळलं. आजही थंडीत ती ते धरून बसते, आणि त्या रात्री पायरीखाली मला माझ्या नसलेल्या पायांचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता. हे मी हसत लिहवत नाही.

मी लोकल बोर्डाकडे अर्ज केला की चौकीला पायऱ्यांशेजारी उतार बांधा. बोर्डाने विचारलं, गावात पांगळे, आंधळे, बहिरे किती? मोजायला कारकून आला. तो चौकीत वर बसला आणि दवंडी पिटवली की ज्यांना पाय नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत त्यांनी समक्ष हजर व्हावं. बहिऱ्यांसाठीसुद्धा दवंडीच. संध्याकाळपर्यंत वर कोणी आलं नाही, म्हणून त्याने शून्य लिहिलं आणि बोर्डाने उतार नामंजूर केला. कारकून पायऱ्या उतरताना माझ्या गाड्याला अडखळला, तरी त्याचा आकडा बदलला नाही.

पण अल्लाच्या घरी देर आहे, अंधेर नाही. पुढच्या महिन्यात फौजदारसाहेब तपासणीला आले. कोठडी किती मजबूत आहे हे दाखवायला गिरधर जमादार स्वतः आत गेला आणि आतून गज हलवून दाखवू लागला. साहेबांनी बाहेरून किल्ली फिरवली. किल्ली मोडली. अर्धी साहेबांच्या हातात, अर्धी दाराच्या कुलपात, आणि जमादार आत.

दोन शिपाई खांदे पुसत माझ्याकडे आले. मी त्यांच्याबरोबर गेलो, पण गाड्यावर, आणि पायरीखाली थांबलो. वर खिडकीतून जमादाराचा आवाज आला, "युसुफ भो, मी आठे अडकी जायेल शे! माले बाहेर काढ!"

मी म्हटलं, "जे सांगनं शे ते खाले यीसन सांग."

सारा बाजार जमला. फौजदारसाहेब तणतणत खाली आले. परगावचे होते, पण कान उघडे होते. मी त्यांना मनगटाची हकीकत सांगितली, उताराची सांगितली, शून्याचीही सांगितली. साहेब म्हणाले, "उतार माझ्या हातात नाही. आणखी काय पाहिजे?" मी दोनच गोष्टी मागितल्या. दर मंगळवारी, बाजारच्या दिवशी, चौकीचं टेबल पायऱ्यांखाली निंबाच्या सावलीत लागावं आणि ज्याला वर येता येत नाही त्याची फिर्याद तिथे लिहावी. आणि गस्तीच्या शिपायाने नुसतं ओरडू नये. पुढे होऊन कंदील हलवावा, मगच काठीचं काय ते. साहेबांनी सर्वांसमोर हुकूम दिला. मग मी खांद्यावर बसलो.

त्या मंगळवारपासून टेबल खाली येतं. पहिल्याच दिवशी दोन आंधळे, एक कुबडा आणि म्हसावदची एक म्हातारी बैलगाडीतून आली. शून्य एवढं मोठं असतं हे गावाला तेव्हा कळलं. गिरधर जमादाराबद्दल खरं ते लिहायला हवं: आत अडकल्यापासून तो सुधारला. फरजानाशी बोलताना समोर उजेडात बसतो, ओरडत नाही, आणि समजलं नाही तर फुलीबाईला बोलावतो. फरजानाच्या हातांच्या बोलीत मी म्हणजे फिरतं चाक आणि जमादार म्हणजे मिशी. मिशी पिळून तिने हाक मारली की तो लाजतो. पण तो यंदा पेन्शनीत जाणार. त्याच्या जागी येणारा टेबल पुन्हा वर नेईल, आणि सवय मोडायला एक मंगळवार पुरतो.

कलम चौथं, चौकीचं कुलूप. हे कलम साक्षीदारांना वाचून दाखवू नये. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असं रतिलालभाई म्हणतात. हा कायदा मला फार आवडला.

जमादाराला काढायला कोठडीच्या दाराचं जुनं कुलूप तोडावं लागलं, तेव्हा साहेबांनी नवं, सुटं, मोठं कुलूप मलाच करायला सांगितलं. त्यात मी एक कमान, म्हणजे वाकवलेली पोलादी पट्टी, जास्तीची बसवली आहे. वर्षातून एकदोनदा ती अडते आणि मग कुलूप उघडं राहतं, बंद होत नाही. आतल्या गरिबाला त्याचा त्रास नाही. शिपायाला मात्र गजांशी बसून राहावं लागतं. कमान कुठे दाबायची हे फरजानाच्या अंगठ्याला ठाऊक आहे आणि दुसऱ्या कोणाला नाही. नवं कुलूप हवं तर मंजुरी धुळ्याहून येते. तोवर फरजानाची म्हातारी होईल.

फरजानाला माझी आज्ञा अशी की टेबल खाली असेल तर कुलूप नीट करून द्यावं, मजुरी रास्त घ्यावी. टेबल खाली नसेल तर तिला ऐकू येत नाही.

कलम शेवटचं. माझा जनाजा चौकीवरून न्यावा. मला खांद्यावर पाहायची चौकीला सवय आहे. पायरीशी क्षणभर थांबावं, पण वर नेऊ नये. ज्यांना यायचं त्यांनी खाली यावं. व्यवस्था पाहणारे म्हणून रतिलालभाईंना नेमतो. वहाबने तंटा केला तर त्यांनी त्याला टेबलापाशी आणावं आणि फरजानाला समोर बसवावं. दोघांचं ऐकावं. त्याचं तोंड, तिचे हात.

हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवलं, ऐकलं आणि समजलं.

ठिकाण: पोलीस चौकीच्या पायऱ्यांखाली, निंबाजवळ, कसबे आंबवेल.
तारीख: ९ फेब्रुवारी १९३७, मंगळवार.

सही: शेख युसुफ वलद शेख कालू
दस्त लिहिणार: रतिलाल, हस्ते खुद्द. शिव्या दोन गाळल्या.

साक्ष १: फुलीबाई, राहणार येथेच, जळणाचा धंदा. अंगठा डाव्या हाताचा.

साक्ष २: गिरधर, जमादार. मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली. इतक्यात वरून शिपाई सांगत आला की कोठडीचं कुलूप बसत नाही. समोरच फरजानाबाई होत्या, त्यांना हाताने विचारलं, वर येता का. त्या म्हणाल्या, खाली आणा.